उत्तर येईल त्यानं मारायचं

गंगाराम मास्तरांच्या वर्गाचा कायदा असा, की उत्तर येईल त्यानं न येणाऱ्याच्या मुस्कटात मारायची. हळू मारली, तर मारणाऱ्यालाच मास्तरांची बसायची. तोंडवली गावात या कायद्याला कुणाची ना नव्हती. अठ्ठावन्न साली सातवीत सरला ही एकटीच मुलगी, आणि दोनदा नापास झालेला तिचा थोरला भाऊ परशुराम त्याच वर्गात. बाबांनी लेकीला चारचौघांत बजावलं होतं, "चेडवान भावाचो अपमान केल्यान, तर त्याच दिसा शाळा बंद."

त्या दिवशी मास्तरांनी शब्दयोगी अव्यय आणि क्रियाविशेषण अव्यय यांतला फरक विचारला. परशुराम उभा राहून जमीन बघत होता. सरलेच्या जिभेवर उत्तर नुसतं वळवळत होतं. शेवटी तिला राहवलं नाही.

"'माडाखाली बसला' यात 'खाली' नामाला चिकटतं, ते शब्दयोगी. 'खाली बस' यात ते सुटं राहून क्रियेबद्दल सांगतं, ते क्रियाविशेषण."

"शाबास. मार त्याला."

तिनं भावाच्या गालाला नुसता हात लावला. मास्तरांनी तिच्या कानाखाली असा जाळ काढला, की डोळ्यांपुढे काजवे चमकले. मग तिनं मारली, आणि खरं सांगायचं तर, घरी रोज खाल्लेले त्याचे धपाटे आठवून मारली. परशुरामाचा ओठ फुटला.

बहिणीनं मारलं हे सांगायची त्याला लाज. घरी तो म्हणाला, "मास्तरान लाथेन तुडवल्यान माका." एकुलत्या मुलाचं रक्त बघून बाबांचं डोकं फिरलं. दांडका घेऊन त्यांनी शाळेच्या ओट्यावरच मास्तरांना गाठलं. सरला मागून धावत आली.

"माझ्या झिलार हात टाकलंस तू?"

मास्तरांनी सरलेकडे पाहिलं. बाबांची धमकी त्यांच्याही कानावर होती.

"होय, मीच मारलं."

पहिला दांडका खांद्यावर बसला, दुसरा तोंडावर. तिसऱ्याला मनगट कडकन मोडलं. सरला खांब धरून उभी होती. 'मी मारलंय' एवढं म्हटलं असतं, तर बाबा थांबले असते, आणि तिची शाळाही तिथंच थांबली असती. तिला स्वतःची किळस आली, पण तोंड काही उघडलं नाही.

बाबा शिव्या घालत निघून गेले. मास्तर रक्त थुंकत उठून बसले. तिनं त्यांचा चष्मा उचलून दिला.

"उद्या वेळेवर ये," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ती घंटेच्या आधी जाऊन बसली.