तुळईवरचा ढेरपोट्या

तिफेनने चर्चच्या आत शिडी भिंतीला टेकवली आणि नवऱ्याची पटाशी कमरेला खोचली. खाली चर्चचा कारभारी रिवालोन हाताची घडी घालून उभा होता. दाराबाहेर गाडीवर तिच्या नवऱ्याचे, गेनोलेचे प्रेत कालपासून पडून होते.

छताखालच्या तुळईवर गेनोलेने बारा वर्षांपूर्वी एक ढेरपोट्या कोरला होता, दारूच्या पिंपाला तोंड लावून बसलेला. हा रिवालोनच, असे अख्ख्या गावाने ठरवले आणि भर प्रार्थनेत माना वर करून हसून घेतले. गेनोले हो म्हणाला नाही की नाही म्हणाला नाही. रिवालोन दर रविवारी नुसता जळफळायचा. एकाच्या कोरीवकामाला दुसऱ्याने हत्यार लावायचे नाही, हा तिथला रिवाज. मोडायचे तर करणाऱ्याने, नाहीतर त्याच्या घरच्यांनी. आणि आता गेनोलेला त्याच तुळईखाली पुरायचे होते. मरताना त्याने तिच्याकडून तसा शब्द घेतला होता. फरशी उचलू द्यायची की नाही, हे मात्र रिवालोनच्या हाती होते.

“ते थोबाड उडव,” रिवालोन म्हणाला. “मग पूर तुझ्या नवऱ्याला हवा तिथे.”

“मेला तरी धास्ती आहे का त्याची?”

“जीभ आवर आणि चढ.”

ती चढली. धूळ पुसून पटाशी टेकवली, आणि तिचा हात थांबला. भिंतीकडच्या बाजूला, खालून कुणालाच न दिसणारी, मधोमध तुटलेली भुवई होती. पाचर उडून गेनोलेला झालेली ती जखम तिनेच धुतली होती. त्याच बाजूच्या कानाची पाळीही अर्धीच. मेल्याने स्वतःलाच कोरून ठेवले होते आणि तिलासुद्धा पत्ता लागू दिला नव्हता. तिला हसू आले, मग रडू.

खाली जाऊन सांगितले असते तर भांडण तिथेच मिटले असते. कदाचित फरशीही उचलली गेली असती. पण ते एक वाक्य गेनोलेला बारा वर्षांत केव्हाही बोलता आले असते. तो बोलला नव्हता.

ती पटाशी पुन्हा कमरेला खोचून खाली उतरली.

“हुबेहूब तुम्हीच आहात, कारभारी. माझ्याने नाही तोडवत.”

रिवालोनचा चेहरा काळाठिक्कर पडला. “मग पूर बाहेर चिखलात. मी जिवंत आहे तोवर त्याला आत येऊ देणार नाही.”

तिफेनने मान डोलावली आणि ती फावडे आणायला गेली.