पाणपोईची खालची डोण

'सर्वांसाठी' म्हणे. पाटीवर पिवळ्या रंगात हाच शब्द होता. तो वाचून माझं डोकं जे फिरलं, ते अजून ठिकाणावर आलेलं नाही.

कांजूरमार्गला आमच्या वस्तीतून खाडीकडे गेलं की वाटेत एक दगडी पाणपोई आहे. वर पवईचं तळं, खाली खाडी आणि मधे आम्ही. इथे एके काळी बंदर होतं असं सांगितलं तर आताची पोरं हसतात. माझा बाप राजाराम त्याच बंदरावर हमाल होता. गलबतांतून कौलं उतरायची, मिठाच्या गोणी चढायच्या आणि बैलगाड्या या पाणपोईपाशी थांबायच्या. वर माणसांसाठी तोटी होती, आणि तिचं सांडलेलं पाणी खाली बैलांच्या दगडी डोणीत पडायचं. आम्ही आता बौद्ध, तेव्हा महार. तोटीला हात लावायची सोय नव्हती. माझा बाप दिवसभर ओझी वाहून बैलांच्या शेजारी वाकायचा, हाताने शेवाळ बाजूला सारायचा आणि प्यायचा. मी सहा वर्षांची असताना त्याची भाकरी घेऊन जायचे, तेव्हा मीही तिथलंच पाणी प्यायले आहे.

चौऱ्याऐंशी साली कॉलनीच्या कमिटीने ती पाणपोई दुरुस्त केली, नळ जोडला. अध्यक्ष श्यामसुंदर, रिटायर्ड हेडक्लार्क, त्यांना जुन्या गोष्टींचं फार वेड. माणूस वाईट नाही, म्हणून तर जास्त लागलं. घरी येऊन म्हणाले, "कमलताई, ते बंदर पाहिलेलं तुमच्याशिवाय कोणी उरलं नाही. उद्घाटन तुमच्याच हातून." खोटं कशाला बोलू, मी हरखले. ठेवणीतलं लुगडं काढलं.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी लवकर गेले, तर अंबादास पेंटर पाटी रंगवत बसलेला. 'बंदरावर येणाऱ्या सर्वांसाठी ही पाणपोई खुली होती.' मी तशीच जाऊन श्यामसुंदरांना गाठलं.

"हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"अहो, पाणपोई म्हणजे सर्वांसाठीच असणार ना."

मी बापाचं सगळं सांगितलं. त्यांनी मान खाली घालून ऐकलं आणि म्हणाले, "वाईट झालं, ताई. पण आजच्या दिवशी जुनं कशाला उकरायचं?"

"का हो? कार्यक्रम कसला आहे मग? जुनंच उकरताय ना तुम्ही? तुम्हाला हवं तेवढंच उकरायचं होय? एक ओळ वाढवा फक्त."

"पाटीवर जागा नाही," ते म्हणाले.

जागा नाही. माझ्या बापाला तोटीपाशी जागा नव्हती आणि आता पाटीवरही नाही.

संध्याकाळी मी फीत कापली. टाळ्या झाल्या. तोटीखाली नवे स्टीलचे पेले धरून सगळे पाणी पीत होते. मला म्हणाले, चार शब्द बोला. मी पदर खोचला, डोणीपाशी वाकले आणि ओंजळीने पाणी प्यायले. मग उठून श्यामसुंदरांकडे पाहिलं.

"या, तुम्हीपण घ्या इथलं. वरून पडतंय तेच पाणी आहे. डोण कालच घासलीय."

पन्नास माणसं उभी होती. श्यामसुंदर हसले, मग हातातल्या पेल्याकडे बघत राहिले. पुढे कोणीच आलं नाही. माझ्याकडे रोज साखर मागायला येणारी शेजारची जानकीसुद्धा नाही.

"ताई, असं काय करता," शेवटी ते हळूच म्हणाले. "ती डोण बैलांची आहे."

अंबादास डबा आणि ब्रश घेऊन पाटीशेजारीच उभा होता. मी त्याला म्हणाले, "ऐकलंस ना, साहेब काय म्हणाले ते? तेवढंच लिही डोणीवर. बैलांची डोण. आणि खाली लिही, राजाराम हमाल इथे पाणी प्यायचा."

अंबादासने श्यामसुंदरांकडे पाहिलं. मग तो गुडघ्यांवर बसला आणि ओला दगड फडक्याने पुसायला लागला.