एकशेबारावं पान

वाचनालयातून मी आणलेली कादंबरी आप्पांनी हातात घेतली ती चुका काढायलाच. आप्पा, म्हणजे माझे वडील सहादू, ओझरच्या कारखान्यात तेहतीस वर्षं तपासणी खात्यात होते. नोकरी सुटली, तपासणी सुटली नाही. कादंबरीतलं गाव आमच्या दिंडोरीकडच्या गावासारखंच होतं. "उन्हाळ्यात भरायचा कांदा पोळ्याला चाळीत भरतोय हा," म्हणत त्यांनी समासात पेन्सिलीने फुली मारली. वाचनालयाचं पुस्तक आहे, हे सांगून उपयोग नव्हता.

एकशेबाराव्या पानावर पेन्सिल थांबली. धाकट्या भावाकडच्या लग्नाच्या मांडवात माइकवरून एकेका सोयऱ्याचं नाव पुकारून टोपी-टॉवेल देतात. त्यात थोरल्या भावाचं नाव राहतं आणि तो न जेवता निघून जातो. मग दोघं कधीच बोलत नाहीत. पुस्तकाच्या शेवटी धाकटा टॉवेल घेऊन येतो, तो थोरल्याच्या तिरडीवर घालायला.

आमच्याकडे हेच झालं होतं, तिरडी सोडून. चिमाजीकाका आप्पांचे धाकटे भाऊ; त्यांच्या हर्षालीच्या लग्नाला चौदा वर्षं झाली होती. मला काकांची फार आठवण यायची, पण घरात त्यांचं नाव काढायची सोय नव्हती.

आप्पांनी पुस्तक शेवटपर्यंत वाचलं. मग म्हणाले, "चिम्यानं सांगितलं त्या लेखकाला. दुसरं कोन सांगनार? विचारतोच त्याला."

"आप्पा, अशी भांडणं गावोगाव असतात."

"टॉवेलासकट?"

सकाळच्या एसटीने आम्ही गावी गेलो. पुस्तक पिशवीत होतं, पुरावा म्हणून.

काका ओट्यावर बसले होते. फार वाळले होते. आप्पांनी उभ्याउभ्याच ते पान खणखणीत वाचून दाखवलं. शेजारच्या दोन बायका दारात आल्या. काकांनी सगळं ऐकून घेतलं.

"मला कुठं भेटतोय लेखक, भाऊ? मी कांदा मार्केटच्या पुढं जात नाय."

"मंग माझं नाव का नाय पुकारलं?" हा प्रश्न चौदा वर्षांत त्यांनी कोणालाच विचारला नव्हता.

"पाव्हन्यांना पुकारायचं असतं. घरच्या मानसाला कोन पुकारतं?"

आप्पा पानात बोट धरून उभे राहिले. मला वाटलं, आता ते रडतील. रडले नाहीत.

"पुढं काय होतं त्या दोघांचं?" काकांनी विचारलं.

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पुस्तक मिटून पिशवीत टाकलं.

"काय नाय," ते म्हणाले. "जेवायला बसले दोघं."

काकांनी मान मागे वळवून काकूला हाक मारली, "ताटं घे गं."