न रडलेलं

"अवं, बसा की जरा! फरशी झिजंल की हितली," वर्षाराणी बाकावरून म्हणाली.

पण आकाराम बसणाऱ्यातला नव्हताच. सिटी बसचा ड्रायव्हर, पण सिग्नलला थांबायचं म्हटलं तरी जिवाची तगमग व्हायची त्याची. राजारामपुरीतल्या त्या दवाखान्यात सकाळपासून त्याच्या येरझाऱ्या चालू होत्या. बायकोच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. आपली एक तिला द्यायची म्हणून गड्यानं तंबाखू सोडली, तांबडा रस्सा सोडला आणि अख्ख्या डेपोला सांगत सुटला. रक्तगट जुळला होता. आज शेवटच्या तपासणीचा निकाल होता.

डॉक्टर अनुजांनी दोघांना आत घेतलं. "जुळत नाही हो," त्या हळूच म्हणाल्या. "वर्षाराणींचं रक्त तुमच्या पेशींवर तुटून पडतंय. तुमची किडनी बसवली तर लगेच निकामी होईल."

"आसं कसं? गट तर एकच हाय की!"

"गटापलीकडं आणखी खुणा असतात पेशींवर, ज्याच्या त्याच्या वेगळ्या. परकी खूण एकदा ओळखली की अंगातल्या काही पेशी ती वर्षानुवर्षं जपून ठेवतात. तुमची खूण यांच्या अंगाला आधीच ठाऊक आहे. पोटातल्या बाळात निम्म्या खुणा बापाच्या असतात, तिथून ती कळते. पण दिवस कधी गेलेच नाहीत, असं तुम्ही म्हणाला होता."

"न्हाईच गेलं," आकाराम घाईनं म्हणाला.

तो खोटं बोलत नव्हता बिचारा. चंदगडकडच्या त्यांच्या गावात न रडलेलं मूल कुणी मोजत नसे. बारसं नाही, नाव नाही, पुढं विषयही काढायचा नाही.

"गेलतं," वर्षाराणी म्हणाली. "आठव्या म्हैन्यात मेलेलंच झालं."

डॉक्टर मग अशाच अडलेल्या दुसऱ्या जोडप्याशी किडनीची अदलाबदल करता येते, नाव नोंदवू, पण थांबावं लागेल, असं काहीबाही सांगत राहिल्या. आकारामला ते अर्धंच ऐकू आलं.

बाहेर येऊन तो धपकन बाकावर बसला. एवढं द्यायला निघालो आणि आपलीच नको झाली, याची त्याला सणसणीत चीड आली होती. ती काढायची कुणावर, ते मात्र कळेना.

"माज्या रगतानं ध्यानात ठेवलं बगा," वर्षाराणी म्हणाली. "मला तर कुणी दावलं बी न्हाय. काय हुतं?"

"पोरगी."

ती म्हणाली, "कशात गुंडाळलं हुतंसा?"

पुरायला तो एकटाच गेला होता. "लग्नातल्या शर्टात, माज्या. दुसरं कायबी हाताला लागलं न्हाय."

तो शर्ट वर्षाराणीनं त्या वर्षी घरभर शोधला होता. दोरीवरनं चोरला म्हणून शेजारणीशी कडाकडा भांडलीही होती.

"मऊ हुता त्यो," ती म्हणाली.