बटणापासून हात लांब

दवाखान्यातला सर्व्हर फायलींच्या कपाटामागे जमिनीवर असे. त्याला ना पडदा, ना कीबोर्ड. सगळं काम नेटवर्कवरून चाले. सकाळी वीज जाऊन आली आणि तो काही केल्या उठेना.

डोळ्यांच्या त्या दवाखान्यात संगणक सांभाळणारीला सगळे वायरबाई म्हणत. ती धावत पोचली, तोवर डॉक्टरांनी निकाल लावला होता. बारापर्यंत चालू झाला नाही, तर कंपनीचा माणूस डिस्क पुसून सगळं नव्याने टाकणार. बॅकअप आहेच की, असा त्यांचा समज. पण तो बॅकअप होता तीन महिन्यांपूर्वीचा. बॅकअपची जुनी डिस्क भरली तेव्हा ‘उद्या बघू’ म्हणाली होती ती वायरबाईच. तीन महिन्यांतल्या रुग्णांची मोजमापं त्या उद्यावर लटकली होती. लाजेने तिचे कान तापले.

तिने स्वागतकक्षातल्या संगणकाचा पडदा आणि कीबोर्ड ओढत आणून जोडला. पडद्यावर आकडा सरकत होता: तपासणी बारा टक्के.

“वीज अचानक गेली, म्हणून हा डिस्क तपासतोय. सकाळपासून कोणी बटण दाबलं?”

डॉक्टरांनी चष्मा पुसायला घेतला. “उठत नव्हता. बंद करून चालू केला.”

“किती वेळा?”

“पाचेक.”

म्हणजे बिचारा दर वेळी तपासायला बसे आणि दर वेळी डॉक्टर त्याचा गळा दाबत. वायरबाईने बटणासमोर स्टूल टाकलं आणि पाठ लावून बसली. “आता माझ्या अंगावरून जावं लागेल.”

पावणेबाराला कंपनीचा माणूस आला. बारा वाजले तरी ती जागची हलली नाही.

एकाहत्तरावर आकडा थांबला. इथून पुढे माझ्याने होणार नाही, माणसाने हाताने तपासावं, अशा अर्थाची ओळ उमटली. पडदा नसता तर हे गाऱ्हाणं कपाटानेच ऐकलं असतं. तिने पासवर्ड टाकून तपासणी पुन्हा लावली. पडद्यावर प्रश्न आला: चूक सापडली, दुरुस्त करू? तिने ‘हो’ दाबलं. पुन्हा प्रश्न, पुन्हा हो. सव्वाबाराला सर्व्हर उठला. मोजमापं कालच्या संध्याकाळपर्यंत जशीच्या तशी होती.

“चला, नोंदी उघडा आता, रुग्ण खोळंबलेत,” डॉक्टर म्हणाले.

“आधी बॅकअप. तीन महिने झाला नाही. चूक माझी.”

तिने पिशवीतून नवी डिस्क काढली. आणून दोन महिने झाले होते, वरचं प्लास्टिकही निघालं नव्हतं. ते तिने दातांनी फाडलं.

डॉक्टरांनी एकदा बटणाकडे पाहिलं. मग त्यांनी दोन्ही हात खिशात घातले आणि तिच्या शेजारी उभे राहिले.