रडका सूर

“मी गेलो की आधी तो सूर सरळ कर. रडायचं-बिडायचं ते नंतर.”

‘आधी’ आणि ‘तो’ यांच्यामध्ये मास्तरांचा नेहमीचा खोकला होता, आणि तिला आत्ता शब्दांपेक्षा तो खोकलाच जास्त स्पष्ट ऐकू येत होता, समोर चिमट्यात धरलेल्या पितळेच्या जिभेकडे बघताना – बोटाच्या पेराएवढी जीभ, कुठल्याशा शाळेच्या बाजाच्या पेटीतली, दुरुस्तीला आलेली, टोकाशी एक हिरवट डाग. डाग पुसायला तिने फडकं उचललं होतं. फडकं अजून हातातच होतं. दुकानातल्या पलीकडच्या बाकावरून धाकटे दीर म्हणाले होते, “वहिनी, मास्तर गेले. पहाटे. झोपेतच,” आणि जरा थांबून, “आता खोकणार कोण?” – आणि स्वतःच्याच बोलण्याने दचकून त्यांनी चष्मा पुसायला घेतला होता.

दुपारी बाराच्या आत ती बोलतच नसे. एकवीस वर्षांचा नेम. त्यामुळे ती नेमाने गप्प आहे की धक्क्याने, हे दिरांना कळायला मार्ग नव्हता. तिलाही नव्हता. आत देवाचं नाव चालू होतं, रोजच्यासारखं, पण मधेच पायरी चुकत होती… मास्तर गेले. गेले म्हणजे? मंगळवारी तर इथेच, या स्टुलावर बसून भात्याला नवं चामडं लावून घेतलं, चहा थंड झाला म्हणून कुरकुरले…

फार लोकांना ठाऊक नव्हते मास्तर. पण ज्यांना होते त्यांना दुसरं कुणी ठाऊक नव्हतं. चाळीस माणसांपलीकडे मैफल नाही, तीन कॅसेटी काय त्या, त्याही या हातातून त्या हातात, नकलेची नक्कल होत गेलेल्या. सुरुवातीचा खोकला कुणी कापायचा नाही, असा दंडक. आणि मधल्या सप्तकातला तो सूर – केसभर उतरलेला – मास्तर फिरत फिरत त्याच्यावर येऊन थांबले की खोलीत कुणीतरी हुंदका द्यायचंच. रडका, असं नावच पडलं होतं त्याचं. पोरं नव्याकोऱ्या पेट्या घेऊन दुकानात यायची, “ताई, आमचाही रडका करून द्या की!” दीर म्हणायचे, “लग्न करा, आपोआप होईल.”

तो तिने केला होता. हे मास्तरांना ठाऊक होतं, तिला होतं, आणि देवाला.

बाकावर बसायला लागून तिला तेव्हा दोन महिने झाले असतील. मास्तर पेटी घेऊन आलेले, ती कानस चालवत काहीबाही सांगत होती – काय ते आता आठवत नाही, हसत होती एवढं आठवतं – आणि बोलण्याच्या भरात जिभेच्या बुडाशी कानशीचे दोन हात जास्त पडले. सूर उतरला. सासऱ्यांचा कान म्हणजे कान. आतून ओरडले, “कानस खाली ठेव! बाईमाणसाला बाकावर बसवलं ही माझीच चूक.” तेव्हा मास्तरांनी पेटी ओढून घेतली, तो सूर तीनदा वाजवला, खोकले, म्हणाले, “तिला का ओरडता? मीच सांगितलं होतं. मला असाच हवाय.”

बाक तिच्याकडेच राहिला. दुसऱ्या दिवसापासून तिने जीभच बांधून टाकली, दुपारपर्यंत. आणि जगाने त्या सुरावर जीव टाकला तेव्हा हळूहळू तिने मानून घेतलं की त्यांना खरंच असाच हवा असेल, की देवाने माझ्या चुकीचं सोनं केलं. या एका गोष्टीवर मी एकवीस वर्षं निवांत झोपले… मग तीन वर्षांपूर्वी मास्तर म्हणाले, मी गेलो की सरळ कर. करशील ना? तिने मान हलवली होती. लहर असेल, म्हणून.

अकराच्या सुमाराला मास्तरांची बहीण आली. केस विंचरलेले नव्हते, पण हातातली पिशवी नीट घडी केलेली.

“बोलू नकोस, नेम मोडू नकोस गं,” ती स्टुलावर टेकत म्हणाली. “एवढंच सांगायला आले, पेटी आज संध्याकाळी नेणार. संग्रहालयवाले. काचेत ठेवणार म्हणे, आणि दर रविवारी तो रडका तेवढा लोकांना वाजवून दाखवणार.” ती हसली, आणि हसणं मधेच तुटलं. “आणि गंमत सांगू? घरी एकटा असला की तो त्या सुराला बोट लावायचा नाही. वगळून वाजवायचा. जेवताना दाताखाली खडा येतो ना, तसा म्हणे येतो तो. मी म्हटलं, मग नीट करून का घेत नाहीस? तर म्हणाला, एकदा शब्द गेलाय तोंडातून.”

तिच्या हातातलं फडकं खाली पडलं. दिरांनी उचलून दिलं.

एकदा शब्द गेलाय… म्हणजे आवडला नव्हता. कधीच. त्या खोल्याखोल्यांतून, चाळीस-चाळीस माणसांसमोर, एकवीस वर्षं तो खडा चावत… आणि मी रोज सकाळी देवापुढे क्षमा मागत बसले. ज्यांच्याकडे मागायची ते तर या स्टुलावर बसून चहाला नावं ठेवत होते.

बाराचे ठोके पडले. आता बोलता आलं असतं. तिने बारीक कानस घेतली, जिभेखाली सरकवायची पत्र्याची पातळ पट्टी घेतली, पदराच्या टोकाने दोन्ही पुसून थैलीत ठेवल्या. टोकाशी घासलं की सूर चढतो, साधं काम. पण घासलेलं पितळ परत येत नाही.

दिरांनी थैलीकडे पाहिलं. “वहिनी… तो सूर म्हणजे मास्तर आहेत हो लोकांना. पोरं आपल्याला उभं जाळतील.”

बहिणीने दिरांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. उठून पेटीच्या कपाटाच्या किल्ल्या चाचपल्या.

रस्त्यावर ऊन होतं. वळणावरच्या घरात, वरच्या खिडकीत, कुणीतरी कॅसेट लावली होती – बातमी तिथेही पोचली असणार. खोकला आला. मग पेटी, फिरत फिरत खाली उतरणारी, त्या जागेकडे. इतकी वर्षं ती इथे थबकायची, डोळे मिटायची. आज तिने मोजलं – एक हात, दोन हात – आणि सूर लागला, आणि वर कुणीतरी मोठ्याने रडलं, अगदी खरं खरं रडलं, आणि ते रडणंही आता तिच्याच अंगाशी आलं. थैली या खांद्यावरून त्या खांद्यावर घेऊन ती बहिणीच्या मागोमाग चालत राहिली.