शेवटचा थर

वाटीतल्या पाण्यात डोळा उताणा पडला होता आणि तिच्याकडे बघत होता. बघत कसला — शिंपल्याएवढी कवची ती, आतून पोकळ, तिनेच कधीकाळी घासून, रंगवून, चकाकी देऊन बसवलेली — पण खिडकीतला उजेड पाण्यावर हलला की बुबुळही हलल्यासारखं वाटायचं, आणि आज तिला ते नकोसं झालं होतं. उभा जन्म असे खोटे डोळे करण्यात गेलेला. डोळ्यांनी आपल्याकडे बघावं याचं तिला काही वाटायचं नाही. पण हा ओळखीचं बघत होता. एखाद्या समारंभात कोपऱ्यातून कुणीतरी आपल्याला निरखत असतं, नाव काही केल्या आठवत नाही, आणि आठवलं तर बरं होणार नाही असंही उगाच वाटत राहतं... तसं.

“झिजलाय ना हो?” समोरच्या खुर्चीतून डॉक्टरीणबाईंनी विचारलं. त्या दातांच्या डॉक्टर. तरुणपणी अपघातात डावा डोळा गेला तेव्हा इथे आल्या होत्या, त्या आज उगवल्या, पापणीखालची कवची काढून, तिथली पापणी मिटून बसलेल्या.

“झिजणारच. मधे एकदासुद्धा पॉलिशला आला नाहीत.”

“मी पेशंटना खडसावते, वेळेवर यायला काय होतं म्हणून. आता तुम्ही मला खडसवा.” डॉक्टरीणबाई हसल्या. “तुम्ही डोळे, मी दात. कान करणारं कुणी भेटलं ना बाई, की आपण एकत्र दुकान थाटू.”

ती हसली; हसण्यासारखंच होतं. हसता हसता तिने डोळा पाण्यातून काढला, फडक्याने टिपला, भिंगाखाली धरला — आणि हसू तोंडावर तसंच राहिलं, विसरून दोरीवर राहिलेल्या कपड्यासारखं. बुबुळाच्या खालच्या अंगाला, नाकाकडच्या बाजूला, एक तपकिरी ठिपका होता. खसखशीच्या दाण्याएवढा. तिने मान वर करून डॉक्टरीणबाईंच्या खऱ्या डोळ्यात पाहिलं. राखाडीकडे झुकणारं, स्वच्छ, वयाने जरा विझलेलं बुबुळ. ठिपका नाही. कधी नव्हताच.

ठिपका तिच्या स्वतःच्या डोळ्यात होता. टेबलावर गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या आरशात तो रोज दिसायचा, दिसून दिसून दिसेनासा झालेला.

“जरा बसा हं, रंग काढते,” असं म्हणून ती आतल्या खणांच्या कपाटाकडे गेली. या कामाची एक रीत होती — नवा डोळा बसला की जुना इथेच ठेवून जायचं. फेकायला कुणाचा हात धजत नाही आणि घरी ठेवला तर घरचे दचकतात. खण ओढला की सगळे एकदम वर बघायचे. तिने एकेक उचलून उजेडात धरला. तिला हे काम शिकवणाऱ्या वस्तादांच्या हातचे — साफ. तिने त्यांच्या नजरेखाली केलेले — साफ. मग वस्ताद गेले, त्यानंतरचे... काळा डोळा, त्यात ठिपका. घाऱ्यात ठिपका. मधाच्या रंगाच्या एका सुंदर डोळ्यात, अगदी कडेला, शिरेसाठी बसवलेल्या लाल रेशमाच्या धाग्याआड लपल्यासारखा — ठिपका. बाकीचे तर अजून लोकांच्या चेहऱ्यांवर होते. बाजारात भाजी निवडत होते, बसमध्ये खिडकीशी बसले होते, कुणाकडे तरी मायेने बघत होते...

वस्तादांनी दोनच गोष्टी शिकवल्या होत्या, बाकीचं तिचं तिने पाहून उचललं. एक म्हणजे, या कामात सही नाही. “लोक म्हणाले ना, हा अमकीने केलेला डोळा, की समज तू नापास.” आणि दुसरी, शेवटचा थर माणूस समोर असतानाच द्यायचा, त्याचा जिता डोळा उघडा असताना. तो उठून गेला की हात आठवणीवर चालतो, आणि आठवणीत प्रत्येकाजवळ एकच डोळा असतो, ज्याचा त्याचा. पहिली गोष्ट तिने देवासारखी पुजली. दुसरी... लोक अवघडतात, कंटाळतात, घड्याळ बघतात. तिला दया यायची. जा तुम्ही, उद्या घेऊन जा, म्हणायची, आणि शेवटचा थर एकटीने द्यायची. दया होती का ती? की एकटीला बरं वाटायचं? अगं, मी सही केली नाही म्हणून मी आयुष्यभर ताठ मानेने फिरले...

वर काहीतरी धपकन पडलं. मग वरची खोली आवरत असलेल्या ताईचा आवाज जिन्यावरून खाली आला.

“अगं ए, हे भिंतीकडे तोंड करून ठेवलंय, ते ठेवायचं की काढायचं? कोळ्यांनी संसार मांडलाय त्याच्यामागे.”

“राहू दे, ताई.”

“राहू दे, राहू दे. तुझ्या राहू देनेच खोली भरलीय.”

ताईला खोली हवी होती, आणि ते चुकीचंही नव्हतं. भिंतीकडे तोंड करून जे उभं होतं ते तिचं चित्र. स्वतःचं, स्वतः काढलेलं, कुणाकडे न शिकता. केस उतरले होते, गळा उतरला होता, ओठ तर असे की ताई म्हणालेली, आता बोलेल नि उलट उत्तर करेल. डोळे मात्र जमेनात. पुसले, काढले, पुसले. शेवटी तिथे दोन कोऱ्या जागा राहिल्या. कुणीतरी सांगितलं, डोळे रंगवणारा एक माणूस आहे, त्याच्याकडे जा. ती वस्तादांकडे गेली ती फक्त डोळे शिकायला. शिकायचे, घरी यायचं, चित्र पुरं करायचं, खाली कोपऱ्यात नाव घालायचं. बस्स, एवढंच होतं मनात. पुढे काम हाताला लागलं, हाताला कामाचं वेड लागलं, वस्तादांमागे दुकान घराच्याच खाली आलं, आणि चित्र... सोडलं असं तिने कधी म्हटलं नाही. दर वर्षी म्हणायची, हात अजून तयार नाही. तयार झाला की वर जाईन.

ती परत टेबलाशी येऊन बसली. नवी कवची काडीवर चिकटवून तयार होती, बुबुळाचे खालचे थर सुकलेले. आता तेवढा शेवटचा.

“जुन्यात एक डाग पडलाय,” ती म्हणाली. आपला आवाज साधा निघाला याचं तिला नवल वाटलं. “तो यात येणार नाही.”

“तो ठिपका? तो डाग कुठला, सुरुवातीपासून होता. राहू द्या हो. आमचे हे तर लग्नाआधी त्याच्यावरच भाळले. खऱ्या डोळ्याकडे ढुंकून बघितलं नाही माणसाने.” त्या हसल्या, मग पुढे वाकल्या. “एक सांगू? वेडी म्हणू नका. त्या बाजूने मला दिसतं कधीकधी. दुपारी डुलकी लागली की. एक खोली दिसते, अशीच, वरच्या मजल्यावरची. भिंतीकडे तोंड करून एक बाई उभी असते. मला वाटतं, आता वळेल. पण नाही वळत. मी घाबरत नाही हं. उलट तिचीच काळजी वाटते. इतका वेळ कुणी उभं राहतं का?”

तिने ब्रश पाण्यात बुडवला. उगाच. या रंगाला पाणी लागतच नव्हतं.

“मागे कुणाला बोलला होतात हे?”

“कुणाला सांगणार? मेंदूच्या डॉक्टरकडे पाठवतील.” डॉक्टरीणबाईंनी जांभई दिली, खुर्चीत मान टेकवली. “सकाळपासून तीन दाढा उपटल्यात हो. तुमचं चालू द्या. बघायला लागेल तेव्हा उठवा.”

आणि त्या झोपल्या; दमलेली माणसं झोपतात तशा, एका घासात. आता समोर जिता डोळाही मिटलेला होता. उठवायचं, एवढंच करायचं होतं — अहो डॉक्टर, जरा इकडे बघा. त्यांनी बघितलं असतं, आणि तिने त्यांचा डोळा त्यांना दिला असता, साफ, वस्तादांना आवडला असता असा. मग त्यांच्या दुपारच्या झोपेत ती खोली दिसली नसती. ती बाई तिथे उभी असते की नाही, हे सांगायला कुणी उरलं नसतं. नाही उठवलं तर... तर त्या म्हणत होत्या तो ठिपका आपोआप उमटणार होता, हाताला सांगावंसुद्धा लागणार नव्हतं.

तिने आरसा पालथा घातला. ब्रशच्या टोकावर तपकिरी रंग कधी घेतला, ते तिला आठवेना.

“अगं ए,” जिन्यावरून ताई, “हिला फिरवून बघते हं एकदा. की अशीच पाठमोरी उभी ठेवू?”

“राहू दे” जिभेवर तयार होतं, वर्षानुवर्षांचं, गुळगुळीत झालेलं. तिने तोंड उघडलं.

“फिरव,” ती म्हणाली.

वर जड लाकूड फरशीवर घासत वळू लागलं, हळूहळू. समोर डॉक्टरीणबाईंची रिकामी पापणी थरथरली, आत काहीतरी वळून बघावं तशी. आणि तिच्या मनात आलं, आत्ता या घटकेला बाजारात कुणाचा तरी हात भाजीवर थांबला असेल, बसच्या खिडकीशी कुणी तरी उगाच मान वर केली असेल... मी परत जाईन म्हणत बसले, हात तयार झाला की जाईन. आणि डोळे तर केव्हाचेच रंगवून झाले होते, फक्त जिथे लावायचे तिथे लावले नव्हते.

घासण्याचा आवाज थांबला. ताई काही बोलली नाही. ताई गप्प बसणाऱ्यातली नव्हे. खाली ती कान देऊन बसली, समोर झोपलेलं माणूस, हातात ओला ब्रश — आणि तिच्या ध्यानात आलं की आपण ताईच्या बोलण्याची वाट बघतच नाही आहोत. आपल्याकडे कुणीतरी बघतंय, वरून, तक्तपोशीतून, सरळ. आणि किती तरी वर्षांनी पहिल्यांदा तिला पदर सारखा करावासा वाटला, केसांवरून हात फिरवावासा वाटला... चित्राला बसलेल्या माणसाला वाटतं तसं.